फुकट पडतं केवढ्याला?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर आपल्या गल्लीतल्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे जा, लॅपटॉप फॉरमॅटला टाकला की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'विंडोज कुठलं टाकू? टेन की इलेव्हन?' तुमचा डेटा ठेवायचाय का, हे त्यानंतर. मग तो पैसे सांगतो ते फक्त फॉरमॅटचे. विंडोजचे वेगळे पैसे त्यात नसतातच. सोबत ऑफिस येतं, फोटोशॉप येतं, दुकानदार ओळखीचा असेल तर कोरलही येतं. 'दादा, ओरिजिनल आहे ना?' असं विचारलंच, तर 'अ‍ॅक्टिव्हेट करून देतो की' हे उत्तर.

त्यामुळे 'विकतची ऑपरेटिंग सिस्टिम परवडते की ओपन सोर्स?' हा प्रश्न आपल्याकडे आला की जरा वाकडा होतो. बाहेरच्या देशांत तुलना सरळ असते. एका बाजूला पैसे मोजून घेतलेलं विंडोज, दुसऱ्या बाजूला फुकट लिनक्स. आपल्याकडे तिसरा भिडू असतो, फुकटचं विंडोज. 'बीएसए' ही सॉफ्टवेअर कंपन्यांची जागतिक संघटना. तिच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतात कॉम्प्युटरवर असलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होतं. म्हणजे लिनक्सची खरी स्पर्धा मायक्रोसॉफ्टच्या किमतीशी कमी आणि त्या काउंटरवरच्या दादाशी जास्त.

आत्ता हा विषय का? कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला नाही, पण सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबलं. विंडोज ११ वर जायचं म्हटलं तर ते मोफत आहे, फक्त तुमच्या मशीनमध्ये 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, व्यवस्थित चालणारी स्क्रीन असलेला लॅपटॉप अधिकृतपणे बाद. मोठ्या भावाकडून किंवा ताईकडून खाली आलेले असे लॅपटॉप कॉलेजच्या वर्गात किती असतील, आजूबाजूला बघा. या निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज 'कॅनालिस' या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता.

मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत दिली. त्यासाठी ३० डॉलर भरा, किंवा 'रिवॉर्ड्स'चे १००० पॉइंट द्या, किंवा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉग-इन करून सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू ठेवा, मग फुकट. कंपन्यांसाठी दर वेगळा: दर कॉम्प्युटरमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी दुप्पट. शाळा-कॉलेजांसाठी पहिल्या वर्षी १ डॉलर. काम तेच, अपडेट तेच, गिऱ्हाईक बघून भाव. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

विंडोजची किंमत नक्की किती?

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या दुकानात विंडोज ११ होमची छापील किंमत १३९ डॉलर आहे, म्हणजे ढोबळमानाने बारा हजार रुपये. प्रो १९९ डॉलर. पण ही किंमत देऊन डबा घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? बहुतेकांना विंडोज लॅपटॉपबरोबरच मिळतं. लॅपटॉप कंपन्या ते घाऊक भावात घेतात आणि तो भाव बिलावर वेगळा दिसत नाही.

तो एकदा कोर्टामुळे दिसला. इटलीत एका ग्राहकाने लेनोवोचा लॅपटॉप घेतला आणि 'मला विंडोज नकोय, त्याचे पैसे परत द्या' असा हट्ट धरला. कंपनी तयार होईना, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. परतावा ठरला ४२ युरो, तेव्हाच्या दराने पावणेचार हजार रुपयांच्या आसपास. वर मोंझाच्या कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये कंपनीला अडवणूक केल्याबद्दल २०,००० युरो भरपाई द्यायला लावली. ४२ युरोंसाठी एवढं भांडण करणारा माणूस आपल्या ओळखीत असावा असं वाटतं खरं, पण मुद्दा आकड्याचा आहे. बारा हजार ही फलकावरची किंमत, पावणेचार हजार ही त्या लॅपटॉपपुरती पोटातली. आपल्याकडे 'डॉस'वाले किंवा उबुंटूवाले लॅपटॉप तेवढ्याच स्पेसिफिकेशनला थोडे स्वस्त मिळतात, ते याच फरकामुळे. आणि तो घेऊन निघालेलं गिऱ्हाईक बऱ्याचदा सरळ वरच्या दादाकडे जातं, हेही तितकंच खरं.

मॅकचं गणित अजून मजेशीर. अ‍ॅपलची सिस्टिम एके काळी १२९ डॉलरला विकली जायची. ती २९ वर आली, मग २० वर, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये 'मॅव्हरिक्स'पासून पूर्ण मोफत झाली. अर्थात ती चालणार फक्त अ‍ॅपलच्या मशीनवर. वडापाव घेतला की चटणी फुकट, तसं.

आणि लिनक्सची?

शून्य. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. उबुंटू २००४ मध्ये आलं तेव्हा त्यामागची 'कॅनॉनिकल' ही कंपनी जगात कुठेही घरपोच सीडी फुकट पाठवायची, पोस्टेजसुद्धा मागायची नाही. ही योजना २०११ पर्यंत चालली. 

पण ओपन सोर्स म्हणजे नेहमी फुकटच, असं नाही. रेड हॅटची वर्कस्टेशनसाठीची वर्गणी १७९ डॉलरपासून आहे, तीसुद्धा दर वर्षी. ती भरणाऱ्या कंपन्या सॉफ्टवेअर विकत घेत नाहीत. खात्रीचे अपडेट आणि हक्काने तक्रार करायला एक जागा, यासाठी त्या पैसे मोजतात. या धंद्याला किती किंमत आहे? आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना घेतली. उबुंटूचा 'प्रो' सपोर्ट कंपन्यांना विकत, घरगुती वापराला मात्र पाच मशीनपर्यंत फुकट. तुमच्या-माझ्यासाठी सपोर्ट म्हणजे यूट्यूब, आणि वर्गातला तो एक मुलगा ज्याच्या लॅपटॉपवर लिनक्सचे स्टिकर असतात.

म्युनिकचा हिशेब

हा सगळा हिशेब खऱ्या पैशांत मांडून पाहिला तो जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने. २००३ मध्ये पालिकेकडे सुमारे १४ हजार कॉम्प्युटर होते, सगळे जुन्या विंडोजवर. नवीन काय घ्यायचं यावर लिनक्सचं नाव पुढे आलं आणि मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी अर्धवट सोडून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले. किंमत खाली आली, मग आणखी खाली आली. शेवटी मायक्रोसॉफ्टचा आकडा लिनक्सच्या आकड्यापेक्षा कमी होता. तरी मे २००३ मध्ये पालिकेने लिनक्स निवडलं. म्हणजे जगातलं लिनक्सचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सुरुवातीलाच महाग होतं! एकाच कंपनीवर कायमचं अवलंबून राहायचं नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

पुढची दहा वर्षं सोपी गेली नाहीत. नवी सिस्टिम टाकणं हे सगळ्यात किरकोळ काम निघालं. प्रत्येक खात्याची वेगळी आयटी यंत्रणा, वेगळे फॉर्म, वेगळे टेम्प्लेट, कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेले आणि आता कुणालाच न समजणारे मॅक्रो. ते सगळं नव्याने करायला पालिकेला 'वोलमक्स' नावाचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहावं लागलं. आपल्या कुठल्याही तहसील कचेरीत डोकावलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही. २०१३ मध्ये स्थलांतर पूर्ण झालं तेव्हा सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर होते.

बचत झाली का? इथे गंमत आहे. २०१२ मध्ये पालिकेने सांगितलं, विंडोजच्या तुलनेत १ कोटी युरोंहून जास्त वाचले. मग मायक्रोसॉफ्टसाठी एचपीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला, तो बरोबर उलटा: लिनक्सच महाग पडलं. शहर एक, कॉम्प्युटर तेच, आणि उत्तरं दोन. पालिकेने विंडोजच्या बाजूला नवीन हार्डवेअरचा खर्च धरला होता, कारण नवं विंडोज जुन्या मशीनवर चाललं नसतं. कुणाचा पगार धरायचा, कुठल्या व्हर्जनशी तुलना करायची, किती वर्षं मोजायची, यावर असा आकडा हवा तसा हलतो. मॅनेजमेंटवाले याला 'टीसीओ' म्हणतात, टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप. यापुढे कुणी टीसीओचा तक्ता दाखवला, तर आकड्याआधी अभ्यासाचे पैसे कुणी दिले ते बघा.

उडे २०१४ मध्ये पायउतार झाले. नव्या महापौरांच्या काळात कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये पालिकेने परत विंडोजवर जायचं ठरवलं. त्या परतीचा अंदाजे खर्च सुमारे ५ कोटी युरो, म्हणजे आधी मिरवलेल्या बचतीच्या जवळपास पाचपट. दरम्यान मायक्रोसॉफ्टने आपलं जर्मनीतलं मुख्यालय म्युनिक शहरात आणलं होतं. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे की नाही यावर तिकडे भरपूर वाद झाले. २०२० मध्ये सत्ता समीकरण बदललं आणि नव्या आघाडीने शक्य तिथे पुन्हा ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं जाहीर केलं.

मला यातून एवढंच दिसतं की लिनक्सवर जाणं महाग होतं आणि तिथून परत येणंही महाग होतं. पैसे जात होते ते बदलण्यात.

केरळचे ३,००० कोटी

आपल्या देशातलं मोठं उदाहरण केरळच्या सरकारी शाळांचं. तिथे २००१ मध्ये 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला, काही वर्षांत तो पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर गेला. पुढे त्याचं 'काइट' झालं. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की दोन लाख कॉम्प्युटरवर स्वतःची लिनक्स सिस्टिम टाकून राज्याचे ३,००० कोटी रुपये वाचले. आकडा व्हायरल झाला.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. ३,००० कोटी भागिले २ लाख, म्हणजे एका कॉम्प्युटरमागे दीड लाख. हे नुसत्या विंडोजचे पैसे नाहीतच. ऑफिस, ग्राफिक्स, अ‍ॅनिमेशन असं त्या सिस्टिमसोबत येणारं सगळं विकत घ्यावं लागलं असतं, असं धरून काढलेली ही रक्कम आहे. शाळेतल्या एका पीसीसाठी दीड लाखाचं सॉफ्टवेअर कुठलं सरकार घेईल? शिवाय शिक्षणसंस्थांना कंपन्या किती स्वस्तात देतात, ते वरच्या १ डॉलरमध्ये दिसलंच. मी मर्सिडीज घेतली नाही म्हणून माझे पन्नास लाख वाचले, असं म्हणण्यासारखं झालं हे.

पण ३,००० कोटी सोडून द्या, तरी केरळने केलेलं काम मोठं आहे, आणि ते म्युनिकला जमलं नव्हतं. त्यांनी आधी शिक्षकांना शिकवलं. धडे, प्रॅक्टिकल, परीक्षा सगळं लिनक्सवरच. मुलांचे 'लिटल काइट्स' क्लब काढले. तिथल्या मुलाला लिनक्स 'वेगळं' वाटत नाही, कारण त्याने पहिला माउस हातात धरला तो त्यावरच.

महाराष्ट्रात याच वर्षी, २००१ मध्ये, एमएस-सीआयटी सुरू झाला. दहावीच्या सुट्टीत आपल्यापैकी निम्म्यांनी केलेला हा कोर्स. अनेक सरकारी पदांना त्याचं सर्टिफिकेट लागतं. त्यात आपण शिकलो ते विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. फी भरली, वेळ दिला, हात बसला. आता तोच हात दुसऱ्या मेनूवर जात नाही. बिल गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना म्हणाले होते की लोक सॉफ्टवेअर चोरणारच असतील तर आमचंच चोरावं, त्यांना सवय लागेल आणि वसुलीचं पुढच्या दशकात बघू. काउंटरवरचा दादा नकळत कुणाचं काम करतो, कळलं ना?

जिथे खरंच अडतं

लिनक्सप्रेमी मित्र एक गोष्ट सांगत नाहीत, ती म्हणजे काही कामं तिथे होतच नाहीत. कॉमर्सवाल्यांचं टॅली विंडोजवरचं. कोरलड्रॉ आणि अ‍ॅडोबीची सॉफ्टवेअर्स लिनक्सवर नाहीत. मास कॉमच्या मुलांना प्रीमिअरची सवय असते, त्यांच्यासाठी एडिटिंगचं दाविंची रिझॉल्व्ह लिनक्सवर चालतं, पण इंटर्नशिपच्या जाहिरातीत 'प्रीमिअर येणं आवश्यक' असंच लिहिलेलं असतं. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. ऑनलाइन परीक्षेसाठी कॉलेजने 'सेफ एक्झाम ब्राउझर' लावला असेल तर त्याचीही लिनक्स आवृत्ती नाही.

मराठीचं काय? युनिकोड मराठी लिनक्सवर मस्त चालते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तयार मिळतो, फॉण्ट मिळतात, लिब्रे ऑफिसचा मेनू अख्खा मराठीत करता येतो. अडचण येते ती जुन्या फॉण्टमध्ये. श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या पॅकेजवर हात बसलेले डीटीपी ऑपरेटर आणि त्या फॉण्टमध्ये पडलेल्या वीस-वीस वर्षांच्या फायली. छापखाना विंडोज सोडत नाही, यात आळस कमी आणि हे ओझं जास्त.

आणि प्रिंटर. कॅननचा एलबीपी २९०० हा आपल्या देशातल्या झेरॉक्सच्या दुकानांचा आणि छोट्या ऑफिसांचा लाडका प्रिंटर. त्याला लिनक्सवर चालवणं हा एक स्वतंत्र छंद आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर लावले की चालतात.

याउलट कोडिंग करणाऱ्यांना, डेटा सायन्सवाल्यांना लिनक्सवर काहीच अडत नाही, उलट सोपं जातं. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे गुगल डॉक्स, मीट, यूट्यूब, नोट्सच्या पीडीएफ, त्यांना तर फरक कळायलाही वेळ लागेल. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे धडे मराठीतून आहेत, फुकट.

दादाच्या विंडोजचं बिल

ते बिल उशिरा येतं, आणि आलं तर मोठं येतं. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब सांगतं की जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. विद्यार्थ्याच्या खोलीवर यासाठी कुणी धाड घालत नाही, मान्य. पण उद्या तुम्ही स्टार्टअप काढलं, डिझाइन स्टुडिओ काढला, की तोच लॅपटॉप 'धंद्याचा' होतो.

त्याहून जवळचा धोका त्या अ‍ॅक्टिव्हेटरचा. तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घरात पाहुणा येतोय, जरा वॉचमनला सुट्टी द्या, असं कुणी म्हटलं तर तुम्ही द्याल? आणि त्याच लॅपटॉपवर यूपीएससीचा फॉर्म, आधार, बँकेचं नेट बँकिंग. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेली 'माया' ही सिस्टिम घ्यायचं ठरवलं, ते पैसे वाचवायला नाही, सायबर हल्ल्यांच्या भीतीने.

म्हणून माझं मत विचाराल तर असं. लॅपटॉपवर विंडोज ११ पैसे भरून आलेलंच असेल तर ते उगाच काढू नका, त्याचे पैसे गेलेत आणि परत मिळवायला इटलीला जावं लागेल. टॅली, कोरल, प्रीमिअर हेच तुमचं पोटापाण्याचं असेल तर सॉफ्टवेअर विकत घेणं हा धंद्याचा खर्च समजा. पण विंडोज १० वर अडकलेला जुना लॅपटॉप असेल आणि काम ब्राउझरपुरतं असेल, तर तो भंगारात घालू नका. 'लिनक्स मिंट'ला ४ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते आणि मिंट २२ चे अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

टाकण्याआधी नुसतं चाखूनही बघता येतं. मिंटची फाइल डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. अर्धा तास वापरून बघा. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, घरचा प्रिंटर कागद ओढतो का, मराठी टाइप होतंय का. नाही जमलं तर शटडाउन करा, पेन ड्राइव्ह काढा, आतलं विंडोज होतं तसंच असेल. जमलं, तर 'इन्स्टॉल' दाबण्याआधी फोटो आणि प्रोजेक्टच्या फायली दुसरीकडे कॉपी करून घ्या. तो बटण एकदा दाबलं की डिस्क पुसली जाऊ शकते, आणि तिथे विचारायला काउंटरवर कुणी नसतं.